पहाटेचे पाणी : लहान तलावातील मासे समजून घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत गावाच्या शिवारात एखादे गावतळे, पाझर तलाव किंवा लघु पाटबंधाऱ्याचा तलाव असतोच. पावसाळ्यानंतर तो भरलेला दिसतो, आखाजीपर्यंत (अक्षय तृतीयेपर्यंत) आटत आटत निम्म्याच्याही खाली येतो आणि मृगाच्या तोंडावर त्यात गुडघाभर गढूळ पाणी उरते. या तलावात मत्स्यबीज सोडणारी सहकारी संस्था, बचत गटातील महिला, तलावाशेजारचे शेतकरी आणि अभ्यासासाठी येणारे विद्यार्थी यांचा प्रश्न बहुधा एकच असतो : बोटुकली (बोटभर लांबीची माशांची पिल्ले) सोडली तेवढी, मग मासे एवढेच का मिळाले? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी लागणारे काम नवख्या माणसाला एका वर्षात कसे उभे करता येईल, ते येथे क्रमाने सांगितले आहे.

आधी एक गोष्ट मनात पक्की धरावी. तलावात किती मासे जगतील हे पाण्याच्या वर्षभराच्या सरासरीवर ठरत नाही. ते वर्षातल्या सर्वांत वाईट पहाटेवर ठरते. अकरा महिने पाणी उत्तम राहिले आणि वैशाखातल्या एका पहाटे दोन तास प्राणवायू संपला, तर वर्षभराचे उत्पादन त्या दोन तासांत जाते. म्हणून पुढची सर्व मोजमापे ती वाईट पहाट आधीच ओळखण्यासाठी करायची आहेत.

पहिली पायरी : तलाव आणि त्याचे पाणलोट पायी फिरून पाहणे

कोणतेही उपकरण विकत घेण्यापूर्वी तलावाभोवती आणि त्यात येणाऱ्या नाल्याच्या काठाने शक्य तितके वर चालत जावे. मासेमारीचा हक्क बहुतेक तलावांवर मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्याने दिलेला असतो, त्यामुळे संस्थेच्या अध्यक्षांना आणि ग्रामपंचायतीला भेटून परवानगी घेणे हे पहिले काम. तलावावर वर्षानुवर्षे जाळे टाकणाऱ्या भोई, कोळी किंवा भिल्ल समाजातल्या जाणत्या माणसाला विनंतीपूर्वक सोबत घ्यावे. पाणी कोठे खोल आहे, उन्हाळ्यात मासे कोठे गोळा होतात आणि पूर्वी मिळणारी कोणती जात आता जाळ्यात येत नाही, हे त्यांच्याइतके दुसरे कोणी सांगू शकत नाही.

चालताना काय पाहायचे? नाल्याच्या काठी केळीचे खांब टाकलेले आहेत काय, कारण रावेर-यावलकडच्या केळीच्या पट्ट्यात ते मोठ्या प्रमाणात निघतात आणि पाण्यात कुजताना प्राणवायू खातात. कपाशीवर फवारणी झाल्यावर पंप आणि टाक्या कोठे धुतल्या जातात? गावाचे सांडपाणी कोठे मिळते? काठावर बेशरमीची झुडपे आणि पाण्यावर जलपर्णी किती आहे? सांडव्याजवळ किती गाळ साठला आहे? हे सर्व एका साध्या नकाशावर हाताने काढून ठेवावे. पुढे एखादे मोजमाप विचित्र आले की कारण बहुधा याच नकाशावर सापडते.

दुसरी पायरी : नमुन्याच्या जागा आणि वेळ ठरवणे

लहान तलावासाठी तीन जागा पुरतात : नाला तलावाला मिळतो ती जागा, तलावाचा मध्य आणि बांधाजवळचा सर्वांत खोल भाग. प्रत्येक ठिकाणी पाण्याच्या पृष्ठभागाखाली साधारण एक वीत आणि तळापासून हातभर वर, असे दोन नमुने घ्यावेत. वर्षभर पंधरा दिवसांतून एकदा आणि फाल्गुनापासून पहिला मोठा पाऊस होईपर्यंत दर आठवड्याला मोजावे.

वेळेबाबत मात्र तडजोड करू नये. पाण्यातील वनस्पती प्लवंग, म्हणजे पाण्याला हिरवा रंग देणारे सूक्ष्म शेवाळ, दिवसा सूर्यप्रकाशात प्राणवायू तयार करते आणि रात्री स्वतःच तो वापरते. मासे, जिवाणू आणि कुजणारा गाळ तर चोवीस तास वापरतच असतात. त्यामुळे सूर्योदयाच्या थोडे आधी प्राणवायू सर्वांत कमी आणि दुपारी तीनच्या सुमारास सर्वांत जास्त असतो. पाणी जितके अधिक हिरवे, तितके हे दोन आकडे एकमेकांपासून दूर जातात.

ही चूक आमच्याकडूनही झालेली आहे. एका पाझर तलावावर आम्ही सोयीची म्हणून दुपारची वेळ धरली होती. विरघळलेला प्राणवायू लिटरला दहा मिलिग्रॅमच्या आसपास येत होता आणि आम्ही वहीत ‘पाणी उत्तम’ असे लिहीत होतो. पुढच्याच आठवड्यात, दोन दिवस आभाळ भरून राहिल्यानंतर, सकाळी बांधाच्या कडेला मोठे कटला मासे पांढरी पोटे वर करून तरंगत होते. त्या आकड्यात चूक नव्हती, आम्ही तो चुकीच्या वेळी घेतला होता. तेव्हापासून पहाटेचे माप घेतल्याशिवाय दुपारच्या मापाला आम्ही किंमत देत नाही.

तिसरी पायरी : प्राणवायू मोजणे

सर्व मापांत हे माप प्रथम शिकावे. शहरात प्रयोगशाळेचे साहित्य विकणाऱ्या दुकानात विरघळलेल्या प्राणवायूचा तपासणी संच मिळतो. काचेची बाटली पाण्याखालीच काठोकाठ भरावी, आत एकही बुडबुडा राहू देऊ नये. मग संचातील मँगनीज सल्फेटचे आणि अल्कधर्मी आयोडाइडचे द्रावण क्रमाने घालून बूच लावावे आणि बाटली उलटसुलट करावी. आता बाटलीत गाळासारखा साका तयार होतो आणि नवख्या माणसाने येथे क्षणभर थांबून तो नीट पाहावा. साका तपकिरी असेल तर पाण्यात प्राणवायू आहे. जितका गडद, तितका अधिक. साका दुधासारखा पांढरा राहिला, तर त्या पाण्यात प्राणवायू जवळपास नाही. तळाच्या पाण्याची बाटली हातात धरलेली असताना साका पांढराच राहतो, तेव्हा त्या खोलीवर मासा का फिरकत नाही हे आकडा काढण्याआधीच समजते. पुढे आम्ल घालून साका विरघळवावा, स्टार्चचे थेंब टाकावेत आणि निळा रंग जाईपर्यंत थायोसल्फेटचे थेंब मोजावेत. थेंबांवरून मिलिग्रॅम काढण्याची रीत संचासोबतच्या पत्रकावर असते. आम्ल हाताळताना हातमोजे आणि चश्मा वापरावा आणि उरलेले द्रावण तलावात न ओतता घरी परत न्यावे.

खोल पाण्याचा नमुना घेण्यासाठी दगड बांधलेली, बूच लावलेली बाटली दोरीने सोडून तळाजवळ झटक्याने बूच ओढण्याची पद्धत सोपी आहे. मात्र बाटली भरताना आतली हवा बुडबुडत बाहेर पडते आणि थोडा प्राणवायू पाण्यात मिसळतो, म्हणून अशा बाटलीचा आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो, हे लक्षात ठेवून वाचावा.

आकड्यांचा अर्थ असा लावावा. पाच मिलिग्रॅम प्रति लिटर आणि त्याहून अधिक असेल तर कटला, रोहू, मृगळ चांगले खातात आणि वाढतात. तीनच्या खाली गेल्यावर ते खाणे कमी करतात, वाढ थांबते आणि रोगांना बळी पडतात. एकच्या खाली काही तास राहिल्यास ते मरू लागतात. आता यात खान्देशच्या उन्हाची भर घालावी. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो : समुद्रसपाटीला २० अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ९.१ मिलिग्रॅम, ३० अंशांना सुमारे ७.५ आणि ३५ अंशांना जेमतेम ७. त्याच वेळी उष्णतेमुळे माशाची प्राणवायूची गरज वाढलेली असते. म्हणजे पारा ४५ अंशांच्या आसपास असतो त्या दिवसांत साठा कमी आणि मागणी जास्त, अशा दुहेरी कात्रीत मासा सापडतो. तोरणमाळच्या यशवंत तलावाची गोष्ट थोडी वेगळी आहे. तेथे उंचीमुळे हवेचा दाब कमी असल्याने प्राणवायू कमी विरघळायला हवा, पण गारव्यामुळे ती तूट भरून निघते. त्यामुळे तेथील आणि तापीकाठच्या सपाटीवरील तळ्यांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करताना तापमान लिहिलेले नसेल, तर त्या तुलनेला अर्थ राहत नाही.

चौथी पायरी : पारदर्शकता आणि रंग

यासाठी खर्च जवळजवळ नाही. वीस सेंटिमीटर व्यासाचे पत्र्याचे झाकण घेऊन त्याचे चार भाग आलटून पालटून काळे-पांढरे रंगवावेत, खाली वजन बांधावे आणि दर दहा सेंटिमीटरला गाठ मारलेल्या दोरीने ते पाण्यात सोडावे. इटलीतील खगोलशास्त्रज्ञ आंजेलो सेक्की यांनी १८६५ मध्ये समुद्रात वापरलेल्या पांढऱ्या तबकडीचेच हे पुढचे रूप आहे आणि ते आजही तलावांवर वापरले जाते. तबकडी दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसते ती खोली, या दोन्हींची सरासरी घ्यावी. २५ ते ४० सेंटिमीटर हे मत्स्यतळ्यासाठी चांगले माप मानतात. त्याहून पुष्कळ जास्त आले तर पाण्यात माशांचे नैसर्गिक खाद्य कमी आहे आणि २० च्या खाली आले तर शेवाळ किंवा माती जास्त आहे.

शेवाळ की माती, हा भेद आपल्याकडे फार महत्त्वाचा आहे, कारण काळ्या जमिनीची बारीक चिकणमाती पाण्यात आठवडेच्या आठवडे तरंगत राहते. तिने प्रकाश अडतो, प्लवंग वाढत नाहीत, प्राणवायूही तयार होत नाही आणि कटल्यासारख्या वरच्या थरात प्लवंग गाळून खाणाऱ्या माशाची उपासमार होते. पारदर्शक बाटलीत पाणी भरून सावलीत रात्रभर ठेवावे. तळाशी मातकट थर बसला किंवा पाणी मातकटच राहिले तर माती. पाणी हिरवेच राहिले किंवा हिरवा तवंग वर आला तर शेवाळ. मातीवर खरा उपाय तलावात नाही, वरच्या शिवारात आहे : बांधबंदिस्ती, नाल्याकाठचे गवत आणि उताराला आडवी पेरणी.

पाचवी पायरी : सामू, अल्कता आणि अमोनिया यांना एकत्र वाचणे

नवखे लोक हे तीन आकडे वेगवेगळे लिहितात आणि वेगवेगळेच समजून घेतात. तसे करू नये. सामू (पीएच), म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे याचे माप, सात ते साडेआठच्या दरम्यान असलेला चांगला. बेसाल्टच्या खडकावरून आणि काळ्या जमिनीतून येणारे आपल्याकडचे पाणी बहुधा अल्कधर्मी असते, त्यामुळे आम्लतेची काळजी आपल्याला सहसा करावी लागत नाही. वरच्या बाजूची काळजी करावी लागते. दाट शेवाळ दुपारी पाण्यातील कार्बन डायऑक्साइड शोषून घेते आणि सामू नऊच्या वर जातो. अल्कता, म्हणजे सामूतील बदल रोखून धरण्याची पाण्याची क्षमता, पुरेशी म्हणजे लिटरला पन्नास मिलिग्रॅमच्या वर असेल, तर हे चढउतार सौम्य राहतात.

अमोनियाचा धोका याच ठिकाणी आहे. माशांची विष्ठा, शेण, उरलेले खाद्य आणि शेतातून वाहून आलेला युरिया यांतून अमोनिया तयार होतो. त्याचा एक भाग माशांना विशेष बाधत नाही, दुसरा मुक्त भाग मात्र कल्ल्यांना घातक असतो. पाणी ३० अंशांवर असताना सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी सुमारे ०.८ टक्के भाग मुक्त असतो. सामू ८ झाला की तो सुमारे ७.५ टक्के होतो आणि सामू ९ झाला की ४५ टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणजे सकाळी निरुपद्रवी असलेले तेच पाणी दुपारी विषारी होऊ शकते, त्यात नव्याने काहीही पडलेले नसले तरी. म्हणून अमोनिया दुपारी मोजावा, त्याच वेळचा सामू आणि तापमान शेजारी लिहावे. याच कारणाने, अमोनिया वाढलेला असताना कोणी सांगितले म्हणून तलावात चुना टाकू नये, कारण चुन्याने सामू आणखी चढतो.

सहावी पायरी : माशांची संख्या काढणे

पाणी मोजणारे पुष्कळ असतात, मासे मोजणारे थोडे. पण पाण्याचे आकडे माशांच्या आकड्यांशेजारी बसले नाहीत तर त्यांचा उपयोग अर्धाच राहतो.

सर्वांत सोपी रीत म्हणजे दर महिन्याला तेच जाळे, तीच जागा, तीच वेळ आणि तितक्याच फेकी. समजा पाग (हाताने फेकायचे गोल जाळे) वीस वेळा फेकला. प्रत्येक फेकीत कोणत्या जातीचे किती मासे आले, त्यांची लांबी आणि वजन किती, हे लिहून मासे परत सोडावेत. यातून एकूण संख्या कळत नाही, पण संख्या वाढते आहे की घटते आहे हे साधारणपणे कळते.

एकूण संख्येचा अंदाज हवा असेल तर खूण करून पुन्हा पकडण्याची पद्धत वापरावी. शंभर रोहू पकडून प्रत्येकाच्या एका पराचे (पोहण्याच्या पंखाचे) टोक बारीक कातरावे आणि त्यांना सोडून द्यावे. आठवड्याने पुन्हा जाळे टाकावे. त्यात ऐंशी रोहू आले आणि आठांवर खूण आढळली, तर शंभर गुणिले ऐंशी भागिले आठ, म्हणजे तलावात सुमारे एक हजार रोहू आहेत. मधल्या काळात मासेमारी झालेली नसावी, खूण केलेले मासे इतरांत नीट मिसळलेले असावेत आणि हाताळणीत मेलेले नसावेत, या अटी पाळल्या तरच हा आकडा विश्वासाचा. भर उन्हात हे काम करू नये. माशांना ओल्या हातानेच धरावे.

माशांची तब्येत पाहण्यासाठी ग्रॅममधील वजनाला शंभराने गुणून सेंटिमीटरमधील लांबीच्या घनाने भागावे. तीस सेंटिमीटर लांबीचा, तीनशे ग्रॅमचा रोहू असेल तर उत्तर १.११ येते. याच तलावातल्या, याच लांबीच्या माशांचे हे उत्तर महिन्यामागून महिना घसरू लागले, तर मासे मरण्याच्या पुष्कळ आधी पाणी किंवा खाद्य बिघडल्याचे ते चिन्ह असते.

कोणत्या जाती उरल्या, हीसुद्धा पाण्याची परीक्षाच आहे. मरळ आणि मांगूर हवेतून श्वास घेऊ शकतात. १९५२ मध्ये भारतात आणलेला तिलापिया कमी प्राणवायूत तग धरतो. जाळ्यात वर्षागणिक हेच वाढत गेले आणि रोहू-कटला घटत गेले, तर तलाव रात्री गुदमरतो आहे असे समजावे. (आफ्रिकन मांगूर पाळण्यास देशात बंदी आहे, तो दिसला तर मत्स्यव्यवसाय विभागाला कळवावे.)

सातवी पायरी : धोक्याच्या काळात काय करावे

आखाजी ते पहिला दमदार पाऊस हा पहिला धोक्याचा काळ. पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंडाची उघडझाप करताना दिसले, तर त्याच क्षणी खाद्य आणि शेणखत बंद करावे, शेतीपंपाने तलावातलेच पाणी उचलून फवाऱ्यासारखे पुन्हा तलावात पाडावे आणि विक्रीयोग्य मोठे मासे काढून घेऊन उरलेल्यांना जागा करून द्यावी. मोठे मासे राखून ठेवण्याचा मोह होतो, पण प्राणवायू संपताना पहिले बळी बहुधा तेच असतात.

पहिला मोठा पाऊस हा दुसरा धोका आणि लोकांना तो अनपेक्षित वाटतो. उन्हाळाभर वरचे पाणी गरम आणि तळाचे गार, असे थर झालेले असतात. गार पावसाचे पाणी आणि वारा हे थर एकदम ढवळून टाकतात. तळाचे प्राणवायूविरहित, सडक्या अंड्यासारखा वास येणारे पाणी वर येते. भरीला नाल्यातून सहा-आठ महिन्यांचा कचरा, खत आणि कीटकनाशकांचे अवशेष एकाच पुरात येतात. मृगाच्या आधीच नाल्याच्या तोंडाशी पडलेले केळीचे खांब आणि कचरा उचलून टाकणे, हा या धोक्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

मासे मेलेच, तर कारण ओळखण्यासाठी पहिला तास मोलाचा असतो. पहाटे, मुख्यतः मोठे मासे मेले असतील तर प्राणवायूचा संशय घ्यावा. दिवसाच्या कोणत्याही वेळी, लहानमोठे सर्व मासे, सोबत झिंगे आणि पाणकिडेही मेले असतील तर विषाचा संशय घ्यावा. कपाशीवर वापरली जाणारी सायपरमेथ्रिनसारखी औषधे अगदी अल्प प्रमाणातही मासे आणि झिंगे मारतात. अशा वेळी स्वच्छ बाटलीत पाणी आणि नुकतेच मेलेले मासे बर्फात ठेवून त्याच दिवशी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाशी संपर्क साधावा आणि ते मासे कोणालाही खाऊ देऊ नयेत.

आठवी पायरी : पुढच्या वर्षीचे बीज वहीवरून ठरवणे

कटला, रोहू आणि मृगळ वाहत्या पुराच्या पाण्यात अंडी घालतात, साचलेल्या तळ्यात घालत नाहीत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी आणि डॉ. के. एच. अलिकुन्ही यांना या माशांचे प्रेरित प्रजनन (संप्रेरक टोचून अंडी घालायला लावणे) साधले आणि त्यामुळेच आज मत्स्यबीज केंद्रांमधून बीज विकत मिळते. याचा व्यवहारातला अर्थ असा की, लहान तलावात या तीन जातींची संख्या दरवर्षी आपणच ठरवतो, आणि ती भरलेल्या तलावाच्या क्षेत्रावरून ठरवणे ही सर्वांत जास्त वेळा होणारी चूक आहे. श्रावणात दहा हेक्टर पसरलेला तलाव वैशाखात दोन हेक्टरांवर येत असेल, तर वैशाखापर्यंत ठेवायचे मासे त्या दोन हेक्टरांना पेलतील एवढेच हवेत; बाकीचे माघ-फाल्गुनापर्यंत काढून विकण्याचे नियोजन बीज सोडतानाच करावे.

बीज आणताना मत्स्यजिऱ्यापेक्षा (अगदी बारीक पिल्लांपेक्षा) आठ-दहा सेंटिमीटरची बोटुकली घ्यावी, कारण मरळ आणि पाणपक्षी यांच्यापासून ती अधिक संख्येने वाचते. पहिल्या पुराचा गढूळपणा ओसरून पहाटेचा प्राणवायू सलग दोन आठवडे पाचच्या वर आल्यावरच ती सोडावी. पिशवी न उघडता पंधरा-वीस मिनिटे तलावाच्या पाण्यावर तरंगत ठेवावी, मग थोडे थोडे तलावाचे पाणी आत घेत जावे आणि शेवटी पिशवीचे तोंड पाण्याखाली तिरके धरावे, म्हणजे बोटुकली आपणहून बाहेर पोहत जाते. किती सोडली, कोणत्या जातीची, किती लांबीची आणि त्या वेळी पाण्याचे तापमान किती होते, हे त्याच संध्याकाळी वहीत लिहावे. पुढच्या वैशाखात पागाच्या वीस फेकींत काय आले, ते याच पानाशेजारी लिहायचे आहे.